उरलेला लांब स्क्रू

एका वेळी एकच डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, उघडायचा, हा आमच्या दुकानातला नियम माझाच. चाळीस वर्षं झाली, सायकलींची दुखणी काढतोय, मला कोण शिकवणार? तर परवा मला अवदसा आठवली आणि मी दोन उघडले. एक गिऱ्हाइकाचा, एक माझ्या लेकीच्या सायकलीचा. दिसायला अगदी जुळे. रॉकेलमध्ये धुतले, फडक्यावर मांडले आणि लेकीचा रात्रीच जोडून टाकला. भिंगरीला (लेकीला घरात कोणी नावाने हाक मारतच नाही) सकाळी टेकडी चढायची होती.

सकाळी ती गेली. मी दुसरा जोडायला बसलो, तर शेवटी हातात लांब स्क्रू उरला. भोकाला हवा होता आखूड.

म्हणजे अदलाबदल झाली. हा लांब स्क्रू लेकीचा. डिरेलरला चाकाकडे जास्त सरकू देत नाही तो हाच. तिथे आखूड बसला तर सपाट रस्त्यावर काही कळत नाही. चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर थेट आऱ्यांत घुसतो आणि चाक जाम. आणि त्या चढावर मागून ट्रक येतात.

फोन लावला. उचलेना. सायकलवर असली की ती उचलतच नाही, हेही मीच शिकवलेलं.

"अहो, चहा!" बायको आतून, घरातून ओरडली. चहा गेला खड्ड्यात. स्कूटर काढली. किल्ली दोनदा हातातून पडली. अरे गाढवा, एवढी कसली घाई होती तुला? प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसणार. एक ट्रक थांबलेला दिसला आणि मी करकचून ब्रेक दाबला. ड्रायव्हर टायर बघत होता, एवढंच.

तिसऱ्या वळणावर सायकल आडवी पडलेली. मी स्कूटर तशीच सोडली.

भिंगरी कठड्यावर पाणी पीत बसली होती.

"बाबा? तुम्ही इथे?"

मी आधी सायकलीपाशी गुडघ्यावर बसलो. डिरेलरला लांब स्क्रू होता. नवा, चकचकीत.

"हा कुणी बसवला?"

"मी. सकाळी निघायच्या आधी."

"मग मला सांगायला काय झालं होतं? जीव गेला असता माझा!"

ती बाटलीचं झाकण लावत राहिली. "प्रत्येक वेळी कसं सांगू, बाबा? वर्षभर तुमच्या हातची प्रत्येक गाडी मी परत बघते. तुम्ही जेवायला आत गेलात की."

माझे हात अजून थरथरत होते. भीतीने असतील असं मी वाटेभर धरून चाललो होतो. पण लेक समोर धडधाकट बसली होती, तरी ते थांबेनात. तिने ते पाहिलं आणि पटकन रस्त्याकडे बघू लागली.

मी खिशातला तो उरलेला स्क्रू काढून तिच्या हातावर ठेवला.

"गिऱ्हाइकाचा डिरेलर टेबलावर उघडाच पडलाय," मी म्हणालो. "तो तू जोड."