तोंडचा शब्द

लोरेटा पिट स्वयंपाकघरात अंगावरचा कोट न काढताच बसली, तेव्हाच मी ओळखलं, ही कॉफीसाठी आलेली नाही. ती आमच्या जिल्ह्याच्या केंद्रीय कोर्टाची मुख्य न्यायाधीश. माझा नवरा कॅझिमिर त्याच कोर्टात जज, आणि तिच्याहून कितीतरी जुना.

"कॅझ कुठंय?"

"न्हाव्याकडे. केस राहिलेत कुठे, पण गप्पा असतात."

ती हसली नाही. "मंगळवारी त्यानं एका ट्रकवाल्याला शिक्षा सुनावली. दोन वर्षं होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं बारा सांगितली. आणि नावही भलत्याचंच घेतलं, कुठल्याशा जुन्या खटल्यातल्या माणसाचं."

माझ्या हातात बटाटा सोलायचा राहिला.

कोर्टातली गोष्ट उंबऱ्याच्या आत आणायची नाही, हा आमच्या घरचा नेम. त्यानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. एक मात्र गावाला माहीत होतं. कॅझ शिक्षा कधीच कागदावरून वाचत नसे. चष्मा काढायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि बोलायचं. "माणसाची वर्षं काढून घ्यायची ती वाणसामानाच्या यादीसारखी वाचून का?" असं म्हणायचा. आणि आमच्या कोर्टात जजच्या तोंडून निघतं तीच शिक्षा. कागद मागून येतो. दोन्हींत फरक पडला, तर तोंडचा शब्द खरा.

"सरकारी वकील भला निघाला," लोरेटा म्हणाली. "उठून बोलला, म्हणून तिथल्या तिथे सुधारलं. पण तोवर त्या पोराची आई बाकावर आडवी झाली होती. पुढचा वकील उठला नाही तर?"

"तू मुख्य ना? मग घरी बसव त्याला."

"मी? अगं, त्याला काढायला संसद लागते, आणि तीही लाच खाल्ली असती तर. म्हातारपण हा गुन्हा नाही. मरेपर्यंतची नेमणूक आहे. वर तक्रार करता येते, पण मग डॉक्टर, चौकशी, पेपरात नाव. कॅझचं असं व्हावं?" तिनं माझा ओला हात धरला. "तू सांग, वँडा. शुक्रवारच्या आत. ट्वायला म्हणून एक बाई आहे, टपालातली पाकिटं फोडायची. घरी दोन लहान मुलं. शुक्रवारी तिला शिक्षा सुनवायचीय."

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. जपमाळ ओढायला बसले की कुठवर आले तेच विसरायची, पुन्हा पहिल्या मण्यापासून. मग मनात यायचं, मी विसरते तर देव हसून सोडून देतो. कॅझचं विसरणं कोण सोडेल?

गुरुवारी पिएरोगी, आमच्या पोलिश उकडलेल्या करंज्या, वाढताना धीर केला.

"कॅझ, आता पुरे नाही का झालं?"

"पुरे काय, अजून चार वाढ."

"कोर्टाचं म्हणतेय."

काटा थांबला. "मला राष्ट्राध्यक्ष काढू शकत नाही. तू कोण गं?"

"बायको."

"तीही तहहयातच," तो म्हणाला, आणि इतका गोड हसला की मी आणखी चार वाढल्या. मग त्यानं मीठ मागितलं. मीठ त्याच्या पुढ्यातच होतं.

शुक्रवारी मी उपाशी असते. चर्चमधली सकाळची मिस्सा झाली, पण पाय घराकडे वळेनात. ते कोर्टाकडे निघाले. दारातलं यंत्र किंचाळलं.

"खिशात काय आहे, आजी?" पहारेकरी म्हणाला.

"जपमाळ."

"ट्रेमध्ये ठेवा. आज आतमध्ये पुष्कळांना लागणार आहे तशी."

मी शेवटच्या बाकावर बसले. कॅझच्या शपथविधीला आले होते, तेव्हा बायबल मी धरलं होतं, काळा झगा मीच त्याच्या अंगावर चढवला होता. त्यानंतर या दालनात पाय ठेवला नव्हता.

ट्वायला उभी राहिली. किरकोळ बाई, उसनी आणल्यासारखा ढगळ कोट. कॅझनं चष्मा काढला. तिच्याकडे बघितलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. वकील कागद चाळायचे थांबले. कारकून मान वर करून बघू लागली. त्याची नजर ट्वायलावरून सुटली, बाकांवरून फिरली, आणि माझ्यावर येऊन थांबली.

मी मान हलवली नाही, ना होकाराची, ना नकाराची. नुसती बसून राहिले.

त्यानं चष्मा घातला. कागद उचलला, पुन्हा ठेवला.

"हा खटला मी पुरा करत नाही. तो न्यायाधीश पिट यांच्याकडे जाईल."

"म्हणजे चांगलं की वाईट?" ट्वायलानं वकिलाला मोठ्यानं विचारलं.

आत त्याच्या खोलीत गेले तर तो झग्याच्या चेनशी झटत होता. "अडकली. काढ."

मी ओढून काढली.

"लोरेटानं धाडलं?"

"तिनं तुला सांग म्हटलं होतं. मला सांगता आलं नाही, म्हणून आले."

तो टेबलाशी बसला. बोटं लाकडावर वाजत होती. "निम्मी कामं घेईन. म्हातारे जज घेतात तशी. खोली राहते, झगा राहतो. सगळेच करतात."

"आणि त्या निम्म्या माणसांचं काय, कॅझ?"

बोटं थांबली. बाहेर कोणीतरी दार वाजवलं. तो माझ्याकडे बघत राहिला, चष्मा काढून, शिक्षा सुनावताना बघायचा तसा. मला खाली बघावंसं वाटलं. बघितलं नाही.

मग त्यानं कोरा कागद पुढे ओढला. नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, म्हणून सोडल्याचं पत्रही त्यांच्याच नावानं जातं. त्यानं तारीख घातली. पेन थबकलं.

"वँडा, हल्ली राष्ट्राध्यक्ष कोण आहे गं?"

ओठांचा कोपरा जरासा वर होता. जन्मभर थट्टा करत आलेला माणूस. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि ही थट्टा की खरंच विसरला, मला कळेना.

मी नाव सांगितलं.

"हं, तोच," तो म्हणाला, आणि लिहू लागला.