काळनाथाचा शेवट

आरं, ऐका तर! पोखर्णीच्या पुजाऱ्याच्या हेमाला बघायला परभणीहून पाहुणे आले, तवा काय झालं माहिताय का? निजामावरची पोलीस अ‍ॅक्शन होऊन चारेक वर्षं झाली असतील.

स्थळ होतं मार्तंडचं. कचेरीत कारकून. पत्रिकेबरोबर त्याची पहिलीच कादंबरी आली, 'काजळडोहाचा धनी'. हेमाचे वडील आबासाहेब, त्यांनी न उघडताच तिला हळदकुंकू वाहिलं अन् देवघरात पोथ्यांजवळ ठेवली. हेमानं ती गुपचूप उचलली अन् झालं, पोरगी गेली कामातून!

काय ते पुस्तक! डोहाखाली काळनाथ नावाचा राक्षस राहतो, माणसांच्या सावल्या खातो. पण लेखक पडला कारकून, म्हणून हा राक्षस आधी अर्ज मागतो! अर्जावर अंगठा, अंगठ्यावर शिक्का, मगच सावली गिळायची. हेमा हसायली बी अन् थरथरायली बी. नायिका तर ऊठसूट बेशुद्ध पडायली, तिला दोन ठेवून द्याव्या वाटायल्या. तरी तिन्हीसांजेला आडावर जायचं म्हणलं की हेमा आपली सावली धड हाय का बघायची. आई कस्तुराबाईला वाटलं, पोरीला बाहेरचं झालं. तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

अन् वाचता वाचता हेमानं पक्कं केलं, लग्न करीन तर ह्याच माणसाशी. ज्याच्या डोक्यात एवढा अंधार हाय, त्याच्या घरात कंटाळा यायचा न्हाई.

पण शेवट! नायक येतो, तलवार मारतो, राक्षस खलास. एका ओळीत! हेमाचं पित्तच खवळलं. नरसिंहाच्या दारातली पोर ती. तिच्या देवानं एक राक्षस मारायला केवढी खटपट केली! ना माणूस ना जनावर, ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री. अन् इथं नुसती तलवार?

"तोंड उघडशील तर बघ," पाहुणे यायच्या दिवशी कस्तुराबाईनं दटावलं. "विचारलं तेवढंच सांग. असं स्थळ पुन्हा यायचं न्हाई."

पाहुणे ओसरीवर बसले. मार्तंड खाली मान घालून सतरंजीचे धागे उपसत बसलेला. त्याचे वडील व्यंकटराव, भरघोस मिशांचे. त्यांनी नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं, अन् मग हळूच,

"आमच्या मार्तंडचं पुस्तक वाचलं का?"

"हो."

"कसं वाटलं?"

"छान आहे."

दाराआड आईनं सुस्कारा सोडला.

"अन् शेवट?"

हेमानं ओठ दाबले, पदर चावला, पण न्हाईच राहवलं. "शेवट लय भिकार हाय! एवढा मोठा राक्षस, अन् मेला कसा, तर डास मारल्यासारखा! लिहिणाऱ्याला झोप आली होती का?"

मार्तंडच्या घशात पोहे अडकले.

व्यंकटराव म्हणले, "शेवट मी लिहिलाय."

आत भांडं पडलं.

"ह्याचा राक्षस मरतच नव्हता! चांगल्या घरच्या पुस्तकात राक्षस जिता सोडतात का? म्हणून मीच मारला."

आता हेमानं 'चुकलं' म्हणायचं का न्हाई? आई दाराआडून हात जोडायली. पण ही बया मार्तंडकडंच वळली. "मरत नव्हता? मग गेला कुठं?"

मार्तंडनं पहिल्यांदा मान वर केली. "डोह आटतो. अन् तो गावात येऊन राहतो."

"कुणाच्या घरी?"

"तेच तर कुणाला कळत न्हाई!"

"अगं बाई!" म्हणत हेमा सतरंजीवर पुढं सरकली.

आबासाहेब घाबरून उठले. "व्यंकटराव, पोर अजाण आहे, मनावर घेऊ नका..."

"थांबा हो! पोरी, खरं सांग, शेवटच्या पानापर्यंत वाचलंस?"

"दोनदा."

"दोनदा!" व्यंकटरावांच्या मिशा हलल्या. "अहो, साऱ्या सोयऱ्यांना पुस्तकं वाटली. जो तो म्हणतो छान, छान. माझ्या शेवटाला शिव्या द्यायला सुद्धा कुणी तिथवर पोचलं न्हाई!" अन् त्यांनी आबासाहेबांचा हात धरला. "चला, आपण आत बसून मुहूर्त बघू. ह्या दोघांचा राक्षस आत्ता कुठं डोहाबाहेर निघायलाय."