घाईरावाची चिंधी

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात नव्या कामगारांना यंत्राजवळ सोडण्याआधी दोन तास एका खोलीत कोंडत. खोलीत सहा बाकं, एक फळा आणि भिंतीवर तुटलेल्या बोटांची चार रंगीत चित्रं होती. चित्रं इतकी जुनी, की त्यांतलं रक्त आता चहासारखं दिसे. इथे सुरक्षेचे नियम शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. म्हणजे तोंडावर. पाठीमागे त्यांना झोपेची गोळी म्हणत.

हे नाव उगाच पडलं नव्हतं. नियम एकूण एकोणीस. मास्तर सहाव्या नियमापर्यंत पोचले, की पहिल्या बाकावरून घोरणं ऐकू येई. घोरणाऱ्याला हलवायला गेलेला शेजारी त्याच्याच खांद्यावर झोपल्याचंही एकदा लोकांनी पाहिलं होतं. वर्गात हसण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मास्तरांचे केस. ते घरी, आरशात बघून, स्वतःच कात्रीने कापत. डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर लांब. कामगारांना वाटे, माणूस चिक्कू आहे.

मग नवा व्यवस्थापक आला. हा कुठल्याशा शिबिरात तीन दिवस हसून आला होता. आल्या आल्या त्याने मास्तरांना बोलावलं.

"मास्तर, वर्गात विनोद करता का?"

"नाही साहेब. बोटं कशी तुटतात ते सांगतो."

"तिथंच चुकतं तुमचं. हसलेला माणूस विसरत नाही. आता वर्ग संपला की प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्यायचा. त्यात रकाना ठेवलाय, 'वर्गात विनोद होता का?' होता किंवा नव्हता. तीन वर्गांत सगळ्यांनी 'नव्हता' लिहिलं, तर मग तुमच्याशी विनोद मलाच करावा लागेल."

मास्तरांनी दोन दिवस आरशासमोर विनोद करून पाहिले. आरसा हसला नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात चौथ्या नियमावर पेंगणारी डोकी बघून त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "आमच्या इथं एक घाईराव होता बघा."

डोकी वर झाली.

घाईराव कानावर पेन्सिल ठेवायचा आणि अख्खी पाळी पेन्सिल शोधायचा. सायकलला कुलूप लावलंय ना, हे बघायला तीनदा परत जायचा, आणि चौथ्यांदा किल्ली कुलपातच राहिली म्हणून. गोंदाच्या रोलरला तो "चल गं माझे आई" म्हणायचा. पाळी संपताना हा रोलर पुसायचा असतो. थांबवून पुसायचा, असा नियम. पण थांबवला की गोंद वाळतो आणि खरवडायला चाळीस मिनिटं जातात. म्हणून सगळे फिरत्या रोलरलाच चिंधी लावत.

"घाईरावाला कायम घाई!" मास्तर सांगत. "लावली चिंधी. चिंधी गेली आत. आता सोडावी की नाही? छे! कारखान्याची चिंधी! उद्या कुणी विचारलं, चिंधी कुठंय, तर काय सांगणार? चिंधीमागोमाग गेली बाही..." आणि मास्तर आपला हात टेबलाच्या फटीत ओढल्यासारखा नेत, डोळे वटारत, पाय झाडत. वर्ग पोट धरून हसे. मग ते एकदम थांबत आणि कोरड्या आवाजात म्हणत, "चिंधी सोडा. बाही दुमडा. रोलर थांबवा."

दोन वर्षांत गोंदाच्या रोलरवर एकाचंही बोट गेलं नाही. लोक बाह्या दुमडू लागले, चिंधी ओढली गेली की "घाईराव!" असं ओरडून सोडून देऊ लागले. रोलर थांबवा, एवढं मात्र कुणाच्या लक्षात राहत नसे, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. फॉर्मवर सगळीकडे 'होता' आलं. व्यवस्थापकाने मास्तरांची पाठ थोपटली.

घाईराव कोण, हे कुणी विचारलं नाही. अकरा वर्षांपूर्वीची माणसं कारखान्यात उरलीच नव्हती. उरले होते फक्त मास्तर. घाईराव त्यांचा सख्खा मोठा भाऊ होता.

एका सोमवारी नव्या कामगारांच्या यादीत त्यांना वहिनींचं नाव दिसलं.

वहिनी शिवणकाम करायच्या. ते दुकान बंद पडलं, एवढं मास्तरांना ठाऊक होतं, कारण दर रविवारी ते त्यांच्याकडे जात, गळका नळ नीट करत, चहा पिऊन येत. नोकरीचं त्या काही बोलल्या नव्हत्या. दादा गेला तेव्हा मास्तरांनी त्यांना एक वाक्य सांगितलं होतं: "यंत्रात बिघाड झाला, वहिनी, बटणच चाललं नाही." अकरा वर्षं ते त्याच वाक्यावर त्यांच्या घरी चहा पीत होते.

ते तडक व्यवस्थापकाकडे गेले. "साहेब, आजचा वर्ग दुसऱ्या कुणाला द्या. बरं वाटत नाही."

"दुसरा कोण घाईराव करणार? उलट आज मी स्वतः मागं बसणार आहे. बायकोला सांगितलंय घाईरावाचं, तीसुद्धा हसली."

वहिनी तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. अंगात कारखान्याचा कोरा डगला, बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या. मास्तरांनी त्यांच्याकडे न बघता पहिला नियम सांगितला. मग दुसरा. सहाव्याला नेहमीच्या जागेवरून घोरणं सुरू झालं. मागून व्यवस्थापक खोकला.

"ओ मास्तर, घाईराव आणा की!" पुढच्या बाकावरचा एक जाडजूड गडी म्हणाला. "माझा मेव्हणा इथंच आहे. म्हणाला, त्या चिंधीला हसून हसून पोट दुखलं."

"आज वेळ नाही."

"असं कसं? आणा, आणा," मागून साहेबाचा आवाज आला.

"आणा ना, भावजी," वहिनी म्हणाल्या. "एवढं म्हणतायत तर."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. पेन्सिल सांगितली. वर्ग हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने वहिनी हसल्या. ते हसू मास्तरांनी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना क्षणभर वाटलं, निभावलं. सायकलचं कुलूप आलं तेव्हा वहिनींचं हसू अर्ध्यावर राहिलं. "चल गं माझे आई"ला त्या मुळीच हसल्या नाहीत. मास्तरांना तिथे थांबता आलं असतं. पण ती गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की जीभ आपल्या वाटेने पुढे गेली.

"घाईरावाला कायम घाई..."

"ह्यांना कधी होती घाई?" वहिनी म्हणाल्या.

मास्तरांचा टेबलाकडे निघालेला हात वाटेतच थांबला.

"बुटाच्या नाड्या बांधायला अर्धा तास लागायचा ह्यांना. स्वतःच्या लग्नाला उशिरा आलेला माणूस तो." दोघं-तिघं सवयीने हसले आणि शेजाऱ्यांकडे बघून थांबले. "पेन्सिल ह्यांची. सायकल ह्यांची. मग घाई कुणाची होती, भावजी?"

व्यवस्थापकाने हातातला फॉर्म उलटसुलट करून पाहिला. या प्रश्नाला त्यात रकाना नव्हता.

"माझी," मास्तर म्हणाले.

ते फळ्याकडे वळले. मग बोलायला लागले ते नियम सांगण्याच्याच आवाजात. "पाळीचा मुकादम मी होतो. मला न्हाव्याकडे जायचं होतं. सातला दुकान बंद करायचा तो. दादाचा हात बटणावर होता, रोलर थांबवतच होता. मी म्हटलं, आता चाळीस मिनिटं खरवडत बसशील का? चिंधी मीच दिली त्याच्या हातात. आटप म्हटलं."

न्हाव्याचं नाव निघताच जाडजूड गड्याची नजर मास्तरांच्या केसांवर गेली. त्याला हसू फुटलं. अर्ध्यातच त्याने ते तळहाताने तोंडात दाबलं.

"बटण चालत होतं?" वहिनींनी विचारलं.

"चालत होतं. मीच दाबलं. नंतर."

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी डाव्या हाताने उजवी बाही दुमडली, उजव्याने डावी. घड्या शिवणकाम करणाऱ्याच्या, काटेकोर.

"पुढचं सांगा," त्या म्हणाल्या. "तुमचे नियम संपले नाहीत अजून."

मास्तरांनी सातपासून एकोणीसपर्यंत सगळे नियम सांगितले. झोपलं कुणी नाही. फॉर्म भरताना मात्र पंचाईत झाली. विनोद होता का? काहींनी 'होता' लिहिलं, काहींनी 'नव्हता', आणि जाडजूड गड्याने रकाना कोरा ठेवून खाली फक्त सही केली. व्यवस्थापक गठ्ठा घेऊन निघून गेला.

त्याच दिवशी पाळी संपताना मुकादमाने वहिनींच्या हातात चिंधी दिली. "पुसून घ्या, बाई. चालू राहू द्या, थांबवायचा नाही. सहाची गाडी गाठायचीय मला."

वहिनींनी लाल बटण दाबलं.

रोलर कण्हत थांबला. मुकादम जवळजवळ नाचलाच. "अहो, काय केलंत! दगड होईल त्याचा आता! कुणी शिकवलं हे तुम्हाला?" आणि ज्यांनी शिकवलं त्यांना बोलावणं गेलं.

मास्तर आले तेव्हा मुकादम गाडीला गेला होता. बाकीचेही गेले होते. वहिनी पत्र्याच्या खरवडणीने गोंद काढत होत्या, वाळक्या पापुद्र्यांचा ढीग पायाशी पडत होता. मास्तरांनी दुसरी खरवडणी घेतली आणि समोरच्या बाजूने सुरुवात केली. थोड्या वेळात आतल्या ओल्या गोंदाने मास्तरांची बोटं एकमेकांना चिकटली.

"तेव्हापासून केस घरीच कापता?" वहिनींनी मान वर न करता विचारलं.

"हो."

"मला वाटायचं, चिक्कू आहात."

पुन्हा खरवडण्याचा आवाज. मग मास्तरांनी घसा साफ केला. "रविवारी... येऊ का, वहिनी?"

एक जाड पापुद्रा होता, तो वहिनींनी खालून उचकटून सबंध काढला आणि ढिगावर टाकला. मग त्यांचं लक्ष मास्तरांच्या हाताकडे गेलं. बाही सुटून रोलरवर घासत होती.

"बाही दुमडा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी चिकटलेली बोटं त्यांच्यापुढे धरली.

"माझेही हात भरलेत," वहिनी म्हणाल्या. "तुमची तुम्ही दुमडा."

मास्तरांनी दातांनी बाही वर ओढली. ती घसरली, पुन्हा ओढली. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे चाळिसातली अजून एकतीस मिनिटं बाकी होती.