घरी उघडलेलं इंजिन

सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडच्या सरळ पट्ट्यावर, रुपचंदच्या मोटारसायकलचं इंजिन धावता धावता आवळलं, मागचं चाक जागीच अडलं आणि समोरून येणाऱ्या ट्रकला ब्रेक लावायलाही वेळ मिळाला नाही, या गोष्टीला आता वर्ष होत आलं होतं. लढाईनंतर लिलावात निघालेली ती मिलिटरीची गाडी. अशा गाड्यांचं काही सांगता येत नाही, असं जो तो म्हणाला आणि विषय संपला. गाडी धुळ्याला सहाव्या गल्लीतल्या घरी आली आणि मागच्या पडवीत गोणपाटाखाली उभी राहिली. घरात रुपचंदची आई भागाबाई, त्याची बायको सुमनबाई आणि धाकटा भाऊ लीलाधर, एवढीच माणसं उरली. लीलाधर जिनिंग फॅक्टरीत कारकून होता, अजून लग्न झालेलं नव्हतं.

मग एके दिवशी सुमनबाईचा भाऊ तोताराम भडगावहून आला. चहा पिता पिता म्हणाला, "गाडी मला द्या, नीट करून चालवीन. आणि अक्कालाही घेऊन जातो. इथं आता तिने कुणासाठी राहायचं?"

भागाबाईने डोळ्याला पदर लावून मान हलवली. लीलाधरने बशी खाली ठेवली.

"इंजिन आवळून बसलंय. तसं कसं नेणार? मी उघडून ठेवतो, पुढच्या सोमवारी या."

"मिस्त्रीकडे टाका ना."

"दादाची गाडी आहे," लीलाधर म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको."

हे सगळ्यांना मनापासून पटलं. सुमनबाईने तेवढं एकदा वर पाहिलं.

फॅक्टरीच्या फिटरकडून त्याने रिंग पाने, बॉक्स पाने, पकड, दोन पेचकस आणि लाकडी हातोडी मागून आणली. घासलेट आणि भाग धुवायला जुनी परात घरात होतीच. राहिला पुलर. इंजिनाच्या उजव्या अंगाचं झाकण काढलं की आत एक दातेरी चाक लागतं, आणि ते हाताने निघत नाही, ठोकून काढावं तर फुटतं. ते ओढून काढायला पुलरच हवा, आणि या गाडीला बसेल असा पुलर फक्त भटू मिस्त्रीकडे होता.

भटूने फळीवरून तो काढला, फुंकर मारली आणि सहज विचारलं, "आखो लागना का?"

"पुन्हा म्हणजे? आम्ही कधी नेला होता?"

"मांगला साले तुमनाच घरथून कोनीतरी लई गयथं ना. मी पिंपळनेरले गयथू. माना बाप दुकानवर बसेल व्हता, पन त्याले नीट दिखस नही. कोन व्हतं, काय माहीत!"

घरी येईपर्यंत लीलाधरच्या मनात ते वाक्य खड्यासारखं टोचत राहिलं. गेल्या वर्षी पुलर कुणी आणला असेल? रुपचंद गाडीची साखळीसुद्धा स्वतः ताणत नसे. आई उंबरा ओलांडत नव्हती. मग उरलं एकच माणूस. त्याला सुमनबाईच्या मनगटावरचे काळेनिळे वळ आठवले. दादा संतापला की काय करतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. तिच्या शांतपणाचा त्याला पहिल्यांदाच संशय आला.

रविवारी सकाळी त्याने पडवीत गोणपाट अंथरलं, अवजारं मांडली आणि कामाला बसला. मागे सुमनबाई सुपात तुरीची डाळ निवडत होती. तो इंजिनावर वाकलेला, हात मागे करावा आणि हवा तो पाना तळव्यावर यावा, असं कितीतरी वेळ चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. आधी रिंग पाना, मग बॉक्स पाना, मग हातोडी. झाकण निघालं, दातेरी चाक दिसलं, आणि आता पुलर, असं मनात येतं न येतं तोच पुलर हातात होता.

तो गर्रकन वळला.

"वहिनी, याचं नाव तुम्हाला कसं ठाऊक?"

"नाव कुठे ठाऊक आहे?" ती डाळीतून बोटं फिरवत म्हणाली. "वस्तू ठाऊक आहे."

त्याने तिची परीक्षा पाहायचं ठरवलं. थोड्या वेळाने काहीच नको असताना मुद्दाम हात मागे केला. तळवा रिकामाच राहिला.

"आता काही लागत नाही तुम्हाला," मागून आवाज आला.

चाक ओढून काढलं आणि त्याच्या मागची तेलाची वाट उघडी पडली. त्या छिद्रात काहीतरी काळं बसलं होतं. पेचकसाच्या टोकाने उकरून पकडीने ओढल्यावर पीळ देऊन घट्ट ठासलेली चिंधी बाहेर आली. तेल पुढे गेलंच नव्हतं. त्याने ती पकडीतच धरून सुमनबाईपुढे केली.

"ही आपोआप आत जात नाही. कुणीतरी पुलर आणून इंजिन उघडलं होतं."

"हो," ती चिंधी पदरात घेत म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काही दुरुस्ती चाललीय, एवढं माहीत होतं. ते मळ्यात गेले होते. दादाला आत्ता सांगू नको, नंतर खूश होईल, असं तुम्ही म्हणालात. इथंच बसला होतात, असेच, माझ्याकडे पाठ करून. मी पाने देत होते."

"मी? मी जन्मात इंजिन उघडलेलं नाही!"

सुमनबाईने गोणपाटाकडे पाहिलं. काढलेला एकेक भाग क्रमाने, आपापल्या नटबोल्टासह ओळीत मांडलेला होता.

"तेव्हाही तुम्ही माझ्याशी एकेरीतच बोलत होतात," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पाना दे, पुलर दे. आजही सकाळपासून तेच."

सकाळपासून आपण तोंडातून शब्द काढलेला नाही, अशी लीलाधरची खात्री होती. ही बाई भाऊ यायच्या आत सगळं आपल्या माथी मारतेय, हे त्याला स्वच्छ दिसलं. तो काही बोलणार इतक्यात आतून भागाबाई वैतागून ओरडली, "काय जोयजे रे तुले? कव्हयना 'दे, दे' करी राहिना!"

लीलाधर इंजिनाकडे वळला. छिद्र त्याने घासलेटने धुतलं, तेल सोडून पाहिलं. उद्या तोतारामसमोरच या बाईचं खरं-खोटं होईल, असं तो मनाशी म्हणत राहिला. उद्या. उद्या गाडी भडगावला जाईल, आणि तीही जाईल. त्याने डाव्या हाताने दातेरी चाक उचललं आणि बसवण्याआधी क्षणभर तसंच धरून ठेवलं.

मागे सुपाचा आवाज थांबला होता.

"नाही," सुमनबाई म्हणाली. "चिंधी मी देणार नाही. ही गाडी माझा भाऊ चालवणार आहे."

त्याने मान वळवली. ती भिंतीला टेकून उभी होती, लुगड्याचा पदर दोन्ही मुठींत गच्च धरून, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. ती पाहत होती तिच्यापुढे केव्हाचा पसरलेला त्याचा उजवा हात, जो त्याला काही केल्या मिटता येत नव्हता.