फितीत अडकलेला हेरंब

त्या रविवारी दुपारी चार वाजता चांदोरकरांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. सेक्टर सत्तावीसमधलं सरकारी क्वार्टर ते, दोन खोल्या, व्हरांडा आणि पुढे हातभर बाग. आत चंडीगढमधल्या झाडून सगळ्या मराठी काकू-मावश्या आणि त्यांनी ओढून आणलेले काका. व्हरांड्यात कॉलेजची पोरं. गुलाबाच्या वाफ्यात उभे राहून खिडकीला नाक लावलेले शेजारचे बन्साल. दाराबाहेर चपलांचा असा ढीग झाला होता की माझी डावी चप्पल अजून सापडलेली नाही.

आणि एवढे सगळे कशासाठी जमले होते? तर मरून एक वर्ष झालेला हेरंब आज बोलणार होता म्हणून.

हेरंब चांदोरकर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'द राउंडअबाउट्स' हा आमच्या शहरातला रॉक बँड त्याचा. नाव त्यानेच ठेवलं, कारण इथे कुठेही निघा, दर दोन मिनिटांनी गोल चौकाला चक्कर घालावी लागते. मी सातवीत असताना त्याने इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात गिटार वाजवली होती. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मी मात्र घरी आल्यावर केरसुणी धरून आरशासमोर तासभर वाजवत होते. त्र्याहत्तर साली कसौलीचा कार्यक्रम आटोपून येताना पिंजौरजवळ ट्रकने त्याच्या स्कूटरला उडवलं. बावीस वर्षांचा होता. आज शहरातला प्रत्येक दुसरा मुलगा त्याच्यासारखे केस वाढवतो, आणि त्याचं शेवटच्या बसचं गाणं सायकलवर शीळ घालत जातो. मी गिटार शिकले तीही त्याच्यामुळे. शाळेची गिटार आहे, एक तार कमी, पण आहे.

तर याच हेरंबला जिवंतपणी "हिप्पी कुठला" म्हणणाऱ्या बायका आता त्याच्या टेपच्या रिळाला हळदकुंकू वाहत होत्या. माझी आई त्या रांगेत दुसरी होती.

रिळामागे मांडी घालून बसले होते श्री नादानंद महाराज. पांढरी कफनी, दाढीला तेल, बोटांत चार अंगठ्या. पुढ्यात काळ्या मखमलीत गुंडाळलेलं एक भलंमोठं मशीन, त्यावरची फक्त दोन चाकं उघडी. शेजारी हेरंबचा स्वतःचा छोटा टेपरेकॉर्डर, पण त्याला लाल दोरा बांधलेला. त्याला हात लावायचा नाही, तो 'अशुद्ध' होता.

"नाद म्हणजे काय? ब्रह्म!" महाराजांनी डोळे मिटले. "आणि ब्रह्म कुठे राहतं? फितीत! सात दिवस, सात रात्री हे रीळ मी शुद्ध केलं. यातली गाणी गेली, मागे राहिला आत्मा. बोल, बेटा हेरंब, बोल!"

त्यांनी बटण दाबलं. चाकं फिरली. आधी नुसतं खरखरलं, आणि मग, खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. आतून माणसाचा आवाज येत होता. आवाज हेरंबचाच, पण भाषा कुठलीच नाही. "ओफ्श्... याह्त... उल्लाच्..." शब्द ओढल्यासारखे आत जात होते. मग एक बाईचा आवाज, तसाच विचित्र, वर चढत जाणारा. आणि मागे कुठलंतरी वाद्य, श्वास घेतल्यासारखं फुगत जाणारं.

"ऐकलंत?" महाराज कुजबुजले. "मुलगा म्हणतो, माते, मी फितीत अडकलोय. गोल गोल फिरतोय. मला सोडव! आणि दुसरा आवाज? साक्षात जगदंबेचा. ती म्हणते, बाळाला माझ्याकडे पाठव!"

नलिनीकाकू, म्हणजे हेरंबची आई, पदरात तोंड घालून हमसून रडू लागल्या. बैठकीत हुंदक्यांची लाट आली. तेवढ्यात मागून मंडळातल्या कृष्णकांतकाकांनी विचारलं, "महाराज, पण हेरंबला मराठी येत होती की! मग असं काय बोलतोय?"

"वर मराठी चालत नाही, साहेब."

"मग काय चालतं? हिंदी?"

"तिथली भाषा वेगळी. ती फक्त मला कळते."

किती सोयीचं!

निकाल लागला तो असा. पुढच्या रविवारी हेरंबची सातही रिळं घग्गर नदीत सोडायची. गिटार आणि टेपरेकॉर्डर आश्रमाला अर्पण करायचा. म्हणजे मुलगा मोकळा. त्या सात रिळांत हेरंबने आयुष्यात गायलेलं सगळं होतं. त्याची एकही रेकॉर्ड निघाली नव्हती. रिळं बुडाली की हेरंब संपला.

घरी येताना आई म्हणाली, "पाहिलंस ना डोळ्यांनी?"

"कानांनी ऐकलं. आणि काहीतरी गडबड आहे, नक्की."

"तुला अकरावीत गेल्यापासून शिंगं फुटलीयेत."

शिंगं फुटली होती ते खरंच. पण गडबड काय ती मला सापडत नव्हती. सोमवारी सुट्टीत शाळेची गिटार घेऊन बसले आणि एक तार छेडली. टण्ण... आणि आवाज विरत विरत गेला. पुन्हा छेडली. आधी टण्ण, मग विरणं. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. नादानंदांच्या फितीतलं ते वाद्य गिटारच होतं! फक्त तिथे आवाज आधी हळूहळू फुगत होता आणि शेवटी 'टण्ण' होऊन तुटत होता. अरे, मेलेला असला म्हणून काय झालं, माणूस तार आधी छेडेल ना? आधी विरलेला आवाज आणि मग छेडणं, हे कुठल्याही लोकात होत नाही. हे फक्त तेव्हाच होतं, जेव्हा फीत उलटी चालते!

मी धावत फिजिक्सच्या हरजीत मॅडमकडे गेले. त्यांनी पराठ्याचा घास तोंडात तसाच ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "पुत्तर, मध्य मार्ग देखा है ना?"

मध्य मार्ग कोणी नाही पाहिला? आमच्या शहराचा मोठा रस्ता.

"एक तरफ जानेवाली गाड़ियां, दूसरी तरफ आनेवाली. टेप भी वैसी ही सड़क है."

मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आखून दाखवलं. घरच्या टेपरेकॉर्डरवर फितीच्या रुंदीचा वरचा अर्धा भागच वापरला जातो. एक बाजू भरली की रीळ उलटं करून लावायचं, मग उरलेला अर्धा भाग उलट दिशेने भरतो. म्हणजे फितीवर दोन रस्ते, एक जाणारा, एक येणारा. मशीनमधला आवाज वाचणारा तुकडा, ज्याला हेड म्हणतात, तो अर्ध्या रुंदीचा असेल तर एका वेळी एकच रस्ता वाचतो. पण काही जुन्या, मोठ्या मशीनचं हेड फितीएवढं रुंद असतं. ते दोन्ही रस्ते एकदम वाचतं. पैकी एक सरळ ऐकू येतो आणि दुसरा उलटा.

"मग सरळ गाणं का नाही ऐकू आलं, मॅडम?"

मॅडमनी घास गिळला. "क्योंकि किसी ने वो साइड मिटा दी."

पुसून टाकली! म्हणजे सात दिवसांचं ते शुद्धीकरण! हेरंबच्याच टेपरेकॉर्डरवर रीळ लावायचं, आवाज शून्यावर ठेवायचा आणि रेकॉर्डचं बटण दाबून खुशाल झोपायचं. मला तेव्हा जो राग आला, तो मी इथे लिहिला तर हा कागद शाळेत दाखवता येणार नाही.

बुधवारी मी नलिनीकाकूंकडे गेले आणि सगळं भडाभडा सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. चार दिवसांत निम्म्या झाल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंजू, तू हुशार आहेस. पण तू चुकलीस तर?"

"नाही चुकणार, काकू."

"ऐक. तुझं खरं असलं, तर माझ्या फक्त फिती जातील. त्यांचं खरं असलं, तर मी माझ्या मुलाला वर्षभर कोंडून ठेवलंय." त्यांचा हात ताटात थांबला. "आई काय निवडेल, सांग."

मी सोळा वर्षांची आहे, आणि या प्रश्नाला उत्तर नसतं एवढं मला कळलं. पण ज्या माणसाने तिच्यासमोर हा प्रश्न टाकला होता, त्याच्या तेल लावलेल्या दाढीची मात्र मला शिसारी आली.

रविवार उजाडला. बागेबाहेर रस्त्यावर टेम्पो उभा, त्याला झेंडूच्या माळा. बैठकीत महाराजांचं मखमलीतलं मशीन आणि टोपलीत सात रिळं, वर नारळ. नादानंद खुशीत होते, गिटारवर स्वतःच्या हाताने शाल घालत होते. मी आईचा हात सोडवला आणि गर्दीतून पुढे घुसले. हरजीत मॅडमना मी बोलावलं होतं, त्या व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

"काकू, एकदाच. गेल्या रविवारचंच रीळ उलटं करून हेरंबदादाच्या मशीनवर लावा. मग खुशाल बुडवा."

"मंजिरी, इकडे ये!" आईचा आवाज.

"खबरदार!" नादानंद ताडकन उठले. "रीळ उलटं केलंत तर आत्मा चिरडेल! ही पोरगी काल जन्मली आणि ब्रह्म शिकवते!"

"ब्रह्म नाही, गिटार शिकवते," मी म्हटलं. मी शाल बाजूला केली आणि हेरंबची तार छेडली. "ऐका, काकू. आधी टण्ण, मग विरणं. तुम्ही चार वर्षं भिंतीपलीकडून हेच ऐकलंत. महाराजांच्या फितीत काय होतं? आधी विरणं, मग टण्ण. दादा असं कधी वाजवायचा का?"

काकूंनी डोळे मिटले. ओठ हलले, जणू आत काहीतरी वाजवून पाहत होत्या. नादानंद म्हणाले, "माई, वेळ टळतेय."

काकूंनी डोळे उघडले. "लाल दोरा तोड," त्या मला म्हणाल्या. "लाव."

मी दोरा तोडला. खोटं कशाला बोलू, फीत उलटी आहे हे माहीत होतं, तिच्यात काय आहे ते नव्हतं. रीळ पालथं केलं, फीत ओवली, बटण दाबलं.

खरखर. मग टण्ण, सरळ, स्वच्छ गिटार. आणि हेरंबचा हसरा आवाज, "थांबा रे, आली. आई, आत नको येऊ, रेकॉर्डिंग चालू आहे!"

आणि मग साक्षात जगदंबा बोलली.

"चालू दे तुझं रेकॉर्डिंग! भजी गार होतायत केव्हाची. आणि ते केसांचं जंगल आधी काप, मंडळातल्या बायका मला बोलतात!"

"दोन मिनिटं गं."

"तुझी दोन मिनिटं मला माहितीयेत!" दार आपटलं. दोन-तीन पोरं खदाखदा हसली. गिटार पुन्हा सुरू झाली.

बैठकीत सगळे नलिनीकाकूंकडे बघत होते. "मीच ती," त्या म्हणाल्या. "तो मंगळवार होता. श्रावणातला." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, पण हे रडणं आधीच्यासारखं नव्हतं. ज्या मंडळातल्या बायका बोलायच्या त्या सगळ्या तिथेच बसल्या होत्या, आणि एकदम सगळ्यांना सतरंजीचं विणकाम पाहावंसं वाटू लागलं.

हरजीत मॅडमनी पुढे होऊन मोठ्या मशीनवरची मखमल ओढली. बाजूवर ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, 'नंदू साउंड सर्व्हिस, पिंजौर. लग्न, जागरण, इलेक्शन.'

"अरे नंदू!" खिडकीतून बन्साल ओरडले. "ओए, तू तो मेरी साली की शादी में लाउडस्पीकर लाया था!"

नादानंद दाराकडे सरकले. तिथे चपलांचा ढीग होता, आणि ब्रह्माला स्वतःच्या चपला सापडेनात. शेवटी एक पायात घालून आणि एक हातात घेऊन ते पळाले.

मग मी तेच रीळ पुन्हा सरळ लावलं. डबीवर लिहिल्याप्रमाणे त्या बाजूला शेवटच्या बसचं गाणं होतं, त्याचं सगळ्यात लाडकं. फीत फिरत राहिली. काही नाही. आत्मा सोडवायला आलेल्या माणसाने हेरंबचं गाणं मारलं होतं, आणि दुसरी प्रत नव्हती.

"गेलं ना?" काकूंनी विचारलं.

मी गिटार उचलली. गेलं कसं? मी सातवीत ऐकलं होतं, रोज सायकलवर ऐकत होते. पहिली ओळ मी चुकत माकत वाजवली. दुसरीला व्हरांड्यातली पोरं गायला लागली, तिसरीला अख्खी बाग. कोणाला मधलं कडवं येत होतं, कोणाला शेवटची तान. आई कोपऱ्यात डोळे पुसत ताल धरत होती, आणि तिचा ताल साफ चुकत होता.

"थांबा, थांबा," काकू म्हणाल्या. त्यांनी फीत मागे घेतली, कोरी बाजू सुरुवातीला आणली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुलाच्या मशीनचं रेकॉर्डचं बटण स्वतः दाबलं. "हां, आता म्हणा."

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावात कोणीतरी येईल. तो तुमच्या सगळ्यात दुखऱ्या जागेवर बोट ठेवेल, तुमच्या माणसाचा आवाज ऐकवेल आणि म्हणेल, ही भाषा फक्त मला कळते. तेव्हा हात जोडू नका, रडू आलं तर रडा, पण मशीनवरची मखमल काढायला सांगा. प्रश्न विचारल्याने चिरडेल असा आत्मा कोणाचाच नसतो. धंदा मात्र चिरडतो. आणि रीळ दिसलंच, तर एकदा उलटं करून लावा. कदाचित तुमचीच आई तुम्हाला भजी खायला बोलावत असेल.