पाहुण्यांचा सातू

आमच्या खोऱ्यातला माणूस लांबूनसुद्धा हातांवरून ओळखू येतो. माझ्या बोटांची पेरं अक्रोडासारखी. आईची तशीच, मामाची त्याहून मोठी. डोंगराआड, एका दिवसाच्या वाटेवर, लोकांची बोटं कोवळ्या फांदीसारखी सरळ. तेच ऊन, तोच वारा; मग हाडांनी आमच्यावरच का रुसावं?

ते शोधायला तीन वर्षं फेंग डॉक्टर येत होते. मी त्यांची मदतनीस. घरोघर जाऊन पाण्याची बाटली, केसांची बट आणि ओंजळभर सातू गोळा करायचा, चिठ्ठी चिकटवायची, पिशवी बांधायची. डॉक्टरांचा संशय होता सातूवर. ओलसर कोठीत त्याला बुरशी धरते, ती मुलांच्या पोटात जाते, वाढती हाडं खाते. पण तिन्ही वर्षं माझ्या पिशव्यांतला दाणा निघाला मोत्यासारखा. बुरशीचा मागमूस नाही.

त्या सकाळी शाळेच्या अंगणात मुलांच्या हातांचे एक्स-रे चालले होते. गावातल्या पालमोची लेक यांगझोम, वय वर्षं सात, पंजा पसरून उभी.

"हाडांचा फोटो काढतात, तर हाडांना हसायला सांगू का?" तिनं विचारलं.

"सांग. पण तू हलू नकोस," मी म्हटलं.

डॉक्टरांनी फिल्म आभाळासमोर धरली आणि तशीच धरून ठेवली. बोटांच्या टोकाशी हाडाची कड, जी बशीसारखी गुळगुळीत हवी, ती उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती.

"गेल्या वर्षी हे नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"खाणं बदललं तर थांबेल?"

"एवढ्या लवकर बदललं, तर थांबू शकेल. पण चिमे, परवा मला यादी द्यायचीय. ज्या गावच्या धान्यात खोट, त्या गावच्या मुलांना खालच्या मैदानातलं धान्य मिळणार. तुमच्या धान्यात तर खोटच नाही. तुझ्याच पिशव्या सांगतात. नाव लिहू कसं?"

पालमोला दाखवायला मी ती फिल्म मागून घेतली. यांगझोमला घरी पोचवायला निघाले. चढावर दम लागला, भूक लागली, तशा दोघी दगडावर टेकलो. तिनं कमरेची कातडी पिशवी सोडली आणि भाजक्या सातूच्या पिठाची चिमूट माझ्या तळहातावर ठेवली.

तोंडात टाकलं मात्र, जीभ आखडली. कडवट. जुन्या भिंतीचा वास.

"यांगझोम, हे कुठलं गं?"

"घरचं."

"तुझ्या आईनं काल मला दिला तो सातू असा नव्हता."

"तो पांढऱ्या पोत्यातला!" ती हसली. "तो पाहुण्यांचा. तुम्ही येणार म्हणून आई आठ दिवस दाणे निवडत होती."

मी दगडावर बसूनच राहिले. बायका सातू भाजताना म्हणतात ते गाणं मला पाळण्यापासून येतं:

*तापल्या वाळूमधी सातू हसतो फुटून,*
*पाहुण्याच्या वाटणीला दाणे घेतले वेचून.*

जन्मभर गायले, पण कधी कान देऊन ऐकलं नाही. आणि माझी स्वतःची आई? तिनंही मला पांढऱ्याच पोत्यातला दिला होता. पिशवी घेऊन दारात उभी राहिले, म्हणजे मीही पाहुणीच!

पालमोच्या अंगणात चार बायका चुलीभोवती तापल्या वाळूत सातू भाजत बसल्या होत्या. मी गेले तशी थेट कोठीकडे वळले.

"अगं ए सरकारी बाई, तिकडे कुठे?" पालमो आडवी आली.

"रोजचा सातू दे."

"तो कशाला? डॉक्टरांना दाखवायला? इतक्या लांबून आलेल्या माणसाच्या हातात बुरसटलेलं धान्य देऊ? माझं नाक कापायचंय तुला?"

"तुझं नाक राहील गं, पण पोरीची बोटं जातील."

मी फिल्म सूर्यासमोर धरली, कुरतडलेली कड दाखवली. मग माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. अक्रोडाला अक्रोड.

पालमोनं हात काढून घेतला. मग तोंड फिरवून वाळू ढवळू लागली. "जा तू. चहा पिऊन जा, पण जा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घोड्यावर सामान चढवत होते. आधी शेजारची म्हातारी आली. झग्याच्या घडीतून पिशवी काढली.

"हा आमच्या याकाचा सातू हं. आम्ही नाही खात."

मागोमाग दुसरी. "आमच्याही याकाचा." तिसरीच्या घरी तर याक नव्हताच, तिनं शेजारणीच्या याकाचं नाव घेतलं. माझी आई आली ती माझ्याकडे न बघता. "हा मांजरीचा," म्हणाली.

"मांजर सातू खाते?" डॉक्टर चकित.

"आमची खाते."

डॉक्टरांनी एकेक पिशवी उघडली, हुंगली, दाण्यांवरची काळी-हिरवी बुरशी भिंगातून पाहिली. मला म्हणाले, "चिठ्ठीवर काय लिहू? याक?"

"घराचं नाव लिहा," मी म्हटलं. "बायका दुसरीकडे बघतायत तोवर लिहा."

त्यांनी लिहिलं. मग यादी काढली आणि आमच्या गावाचं नाव पेन्सिलीनं टिपलं. "पक्की शाई तपासणीनंतर. पण तोवर हे नाव कुणाला खोडू देणार नाही."

सगळ्यांत शेवटी पालमो आली, मागून उड्या मारत यांगझोम. एका हातात रोजच्या सातूची पिशवी. ती तिनं उघडपणे डॉक्टरांच्या हातात ठेवली. "हा आमचा. आम्ही खातो," एवढंच. दुसऱ्या हातानं पांढरं पोतं ओढत आणलं होतं, त्यातला सातू रात्रीत भाजून दळलेला.

"डॉक्टरांना वाटेत खायला का गं?" मी पालमोला चिडवलं.

"डॉक्टरांना चहा पाजलाय, तेवढं पुरे," ती म्हणाली. खाली बसून तिनं यांगझोमची कातडी पिशवी उलटी झटकली आणि पांढऱ्या पोत्यातलं पीठ तिच्यात काठोकाठ भरलं.

"आई, हे तर पाहुण्यांचं!"

"हो. नीट बस मग. पाहुणी अशी उड्या मारते का?"