‘मुद्दाम’चं इंग्रजी

“मामा, मीच मुद्दाम हलवलं त्यांस खिडकीपाशी. पावम आजोबा, बिचारे! मज म्हटले, थोडं आभाळ दाखीव.”

हरिता तंजावरच्या एका खासगी इस्पितळात नर्स. न विचारता पेशंटची खाट हलवली म्हणून तिला मेमो मिळाला होता, आणि उत्तर इंग्रजीत द्यायचं होतं. इंग्रजी म्हटलं की आमच्या तंजावरी मराठी लोकांत एकच नाव, कृष्णस्वामी राव, सगळ्यांचे मामा. छत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेलं. दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतला स्वल्पविरामसुद्धा सुधारल्याशिवाय त्यांना अक्षता टाकवत नसत. त्यांनी ऐटीत लिहून दिलं, खाट ‘डेलिबरेटली’ हलवली.

चौथ्या दिवशी हरिता रडतच आली. “मामा, कामावरून काढतात मज! गुन्हा कबूल केली सांगटलं.”

मामा चक्रावले. डिक्शनरी घेऊन बसले. डेलिबरेट : ठरवून, जाणूनबुजून केलेलं. बरोबरच की! मग घोडं अडलं कुठे? कुणाला मुद्दाम धक्का मारतात, आणि कुणासाठी मुद्दाम लाडूही राखून ठेवतात. खोडी आणि माया, दोन्हीला शब्द एकच. इंग्रजीनं त्यातली खोडी तेवढी उचलली होती. जन्मभर घरात बोललेल्या शब्दाकडे त्यांनी असं कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना मोठी गंमत वाटली, आणि पाठोपाठ लाज वाटली. ‘स्पेशली’ लिहिलं असतं तर पोरीची नोकरी धोक्यात आली नसती.

ते तडक इस्पितळात गेले. मॅनेजर रामस्वामी त्यांचाच विद्यार्थी. बघताच उठून उभा राहिला. तमिळमध्ये म्हणाला, “सर, डेलिबरेट म्हणजे जाणूनबुजून. आठवीत तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं ते बरोबर. लिहिलं ते चूक. ती आमच्या भाषेत नीट बोलली होती.”

“मग तसं लेखी द्या, सर. मी मेमो मागे घेतो.”

मामांनी तिथेच कागद मागून घेतला. चूक नर्सची नाही, माझ्या इंग्रजीची आहे, असं इंग्रजीतच लिहिलं. खाली सही केली, आणि सहीखाली ‘निवृत्त इंग्रजी शिक्षक’.

“सर, शेवटची ओळ नको ना.”

“असू दे. वाचून बघ, कुठे चुकलंय का.”

रामस्वामीनं वाचलं. “उद्या सकाळपासून येऊ दे तिला.” मग तो घुटमळला. “सर... इथे एक ‘द’ राहिलाय.”

मामांनी कागद आपल्याकडे ओढला, ‘द’ घातला आणि परत दिला.